मोठ्या हॉटेलचा दरवाजा

घाटकोपरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वर "सप्रेम जयभीम" आणि खाली लगेच मुद्दा. मुलगा इंजिनिअर होऊन नोकरीला लागला. पहिल्या पगारातून आईवडिलांना मुंबईतल्या एखाद्या मोठ्या, नावाजलेल्या हॉटेलात जेवायला न्यायचे, असा त्याचा हट्ट आहे. मिस्टर महानगरपालिकेत सफाई खात्यात आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. ते म्हणतात, "तुम्ही मायलेक जा. त्या काचेच्या दारातून आत जायला मला जमायचं नाही." भगिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. हॉटेल कसे निवडावे? पैसे किती लागतील? आणि मिस्टरांना न्यावे कसे?

काही वाचकांना वाटेल, समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, घराचे प्रश्न असताना हॉटेलची चर्चा कशाला? आम्हालाही आधी तसेच वाटले. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना त्या काचेच्या दारापाशी आम्ही थांबलो. त्या दारात आम्ही स्वतः उभे राहिलेलो आहोत.

२०१९ साली आमच्या मंगल परिणयाला २५ वर्षे झाली. भाच्याने दक्षिण मुंबईतले एक हॉटेल सुचवले. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची थोडी आणि आमची जास्त होती. आम्ही दोघे, दोन मुली, भाचा आणि आमची आई, असे सहा जण शनिवारी संध्याकाळी अंबरनाथहून गाडीने निघालो. टेबल आधी सांगून ठेवायचे असते, हे कोणाला सुचले नाही. दारावरच्या मुलीने वहीत पाहिले आणि थांबायला सांगितले. पाऊण तास थांबलो. आईचे गुडघे दुखायला लागले, ती पायरीवर बसली. दरवानाने तिला उठायला सांगितले नाही, पण तो सारखा तिच्याकडे बघत होता.

आत जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. कार्ड हातात आले. आमची थोरली पदवीधर आहे, पण त्यातले अर्धे शब्द तिलाही कळेनात, कारण ते इंग्रजीही नव्हते. पाणी कोणते आणू, असे विचारल्यावर भाचा ऐटीत "मिनरल" म्हणाला आणि चार बाटल्या आल्या. मग मोठमोठ्या ताटल्यांत मधोमध मूठभर अन्न. आईने दोन घास घेतले आणि "पोट भरलं" म्हणाली. बिल आले. पदार्थ आणि पाण्याचे ९,४०० रुपये, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ९४० रुपये, आणि दोन्ही मिळून जी रक्कम झाली तिच्यावर ५ टक्के जीएसटी ५१७ रुपये. एकूण १०,८५७. हा सर्व्हिस चार्ज कशाचा, असे विचारावेसे वाटत होते. शेजारच्या टेबलावरचे ऐकतील म्हणून विचारले नाही. रात्री दीड वाजता घरी पोचलो. आईने गॅस पेटवला, दुपारची आमटी आणि भात गरम केला, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे जेवण आम्ही सहाही जणांनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चाटूनपुसून खाल्ले.

पैसे गेल्याचे दुःख दोन महिन्यांत विसरलो. बिल विचारले नाही, हे मात्र मनातून जाईना.

आमचे कालकथित वडील गिरणी कामगार होते. गाव सातारा जिल्ह्यातले. त्यांच्या लहानपणी गावच्या चहाच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. चहा वरून ओतायचे. पिऊन झाले की कपबशी स्वतः विसळून परत तिथेच ठेवायची. मुंबईत आल्यावर ते इराण्याच्या हॉटेलात खुर्चीवर बसून चहा पिऊ लागले. पण पहिले काही महिने चहा संपला की हात आपोआप कपाकडे जाई आणि ते कप घेऊन विसळायला उठत. वेटर तो हातातून काढून घेई. हे ते आम्हाला हसून सांगत. आम्हीही हसायचो. भगिनीच्या मिस्टरांचे वाक्य वाचल्यावर मात्र हसू आले नाही.

म्हणून त्यांना आधी एवढे सांगावेसे वाटते की, ते दार कोणाच्या मेहेरबानीने उघडे नाही. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येत नाही. पुढे १९५५ चा कायदा आला, जो आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या कारणावरून उपाहारगृहात येऊ न देणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हे दोन्ही त्याने गुन्हे ठरवले. वळचणीची कपबशी कायद्यात आली ती अशी. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना एका पारशी उतारूगृहात नाव बदलून राहावे लागले होते, आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांची मुंबईत काळा घोडा भागातल्या वेसाइड इन या उपाहारगृहात नेहमीची बैठक असे, चहा घेत ते तिथे लिहीत बसत, अशी आठवण जुने मुंबईकर सांगतात. वेसाइड इन आता बंद झाले. पण त्या रस्त्याने जाताना आम्ही मुलींना जागा दाखवतो.

आता निवडीकडे येऊ. २०१९ ला आम्ही आधी हॉटेल ठरवले आणि मग माणसे नेली. करायला हवे होते उलटे. आधी पाहावे, जेवायला कोण कोण येणार आणि त्यात सर्वांत वयस्कर कोण. दात कोणाला नाहीत, साखर कोणाला आहे, पौर्णिमेला मांसाहार कोण करत नाही, दारूचा वास कोणाला सोसत नाही. घाटकोपरच्या घरात समारंभ मुलाच्या नोकरीचा असला तरी पाहुणे मिस्टर आहेत. तेव्हा त्यांना काय आवडते, यावरून सुरुवात करावी.

आमचा अनुभव असा की, पहिल्या वेळी एकच गोष्ट नवी असावी. जागा नवी असेल तर अन्न ओळखीचे असावे. सुरमई, कोळंबी, खेकडा आवडत असेल तर फोर्टमधल्या त्रिष्णासारखे मासळीसाठी नावाजलेले ठिकाण बरे. मटण-कबाब, रोटी आवडत असेल तर काळा घोड्याचे खैबर. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे आहे. ते थाटामाटाचे हॉटेल नव्हे, खुर्च्या जुन्या आणि भिंतींचा रंग उडालेला, पण त्यांच्या बेरी पुलावासाठी मोटारवालेही येतात. अशा ठिकाणी नवखेपणा जाणवत नाही.

याउलट हल्ली "टेस्टिंग मेन्यू" म्हणून एक प्रकार निघाला आहे. महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत २०१६ साली सुरू झालेले मास्क त्यासाठी प्रसिद्ध आहे. आशियातल्या ५० उत्तम उपाहारगृहांच्या यादीत त्याचे नाव अनेकदा आले. तिथे आपण पदार्थ निवडत नाही. शेफ ठरवतो, आणि लहान लहान पदार्थ एकामागून एक येत राहतात. जेवण दोन-अडीच तास चालते. मुलाने मित्रांबरोबर जरूर जावे, आमच्या समाजातला एखादा मुलगा उद्या तिथे शेफ झाला तर आम्ही पहिले पाहुणे होऊ. पण पहाटे पाचला हजेरीला जाणाऱ्या आणि रात्री आठला जेवणाऱ्या माणसाला पहिल्याच वेळी तिथे नेणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे झाले.

ताजविषयी पुष्कळ जण विचारतात. डिसेंबर १९०३ मध्ये सुरू झालेले हे हॉटेल आपल्यापैकी बहुतेकांनी गेटवेकडे पाठ करून फोटोत पाहिलेले आहे. तिथे जायचेच असेल तर रात्रीचे पूर्ण जेवणच घेतले पाहिजे असे नाही. पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे. तिथे चहा घेत बसता येते आणि खिडकीतून गेटवे दिसतो. नुसता चहा आणि थोडे खाणे मागवता येईल ना, किती खर्च येईल, हे फोनवर विचारून जावे.

फोनवर विचारणे, हीच सगळ्यात मोठी युक्ती आहे. त्यात लाज काही नाही. मोटारीतून येणारेही विचारतात, किंबहुना तेच जास्त विचारतात. माणशी खर्च सर्व कर धरून किती होतो? दुपारी ठरावीक दराचे जेवण मिळते का? मोठी हॉटेले कामाच्या दिवशी दुपारी रिकामी असतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तीच माणसे, तेच स्वयंपाकघर आणि तीच खुर्ची दुपारी पुष्कळ कमी पैशांत मिळते. चपला चालतात का, हेही विचारावे, काही ठिकाणी पुरुषांना बंद बूट आणि पूर्ण पँट लागते. लहान मुलांचे किती घेतात? आपला केक आणला तर वेगळे पैसे पडतात का? लिफ्ट आहे की जिना? लोकलने येणाऱ्याने शेवटची गाडीही आधी पाहून ठेवावी, आणि "शेवटची" म्हणजे तिच्या आधीची धरावी.

जिन्यावरून आणखी एक. गच्चीवरचे हॉटेल मुलांना फार आवडते, दिवे-बिवे असतात. पण २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसे गेली. तेव्हापासून आम्ही कुठेही बसलो की बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, ते आधी पाहतो. मुली चिडवतात. चिडवू द्यात.

पैशाचे गणित सोपे आहे, फक्त आधी करायचे. साध्या स्वतंत्र उपाहारगृहात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर असते, म्हणजे बहुतेक पंचतारांकित, तिथल्या उपाहारगृहात १८ टक्के. कार्डावर १०,००० रुपयांचे जेवण झाले तर एका ठिकाणी १०,५०० आणि दुसऱ्या ठिकाणी ११,८०० द्यावे लागतात. दारूचा कर निराळा, त्याचा हिशेब आम्ही या पानावर देत नाही.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो सरकारकडे जात नाही. तो ग्राहकाच्या मर्जीवर आहे, असे ग्राहक व्यवहार खात्याने २०१७ सालीच सांगितले होते, म्हणजे आमचे ते ९४० रुपये निव्वळ न विचारल्याचे होते. त्यानंतर ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली की हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये आणि दुसऱ्या नावानेही घेऊ नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर शांतपणे सांगायचे, "हा काढून नवीन बिल द्या." आवाज चढवायचा नाही. नाहीच ऐकले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि वेटरने मायेने वाढले असेल तर त्याच्या हातात आपल्या खुशीने काही ठेवावे. तोही कोणाचा तरी मुलगा गाव सोडून आलेला असतो, बारा-बारा तास उभा असतो.

पाण्याच्या बाटलीबाबत मात्र भांडण उपयोगाचे नाही. छापील किमतीपेक्षा जास्त का घेता, असे पुष्कळ जण विचारतात. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीचे बंधन लागू नाही. तेव्हा पाणी विचारायला आला की पहिल्याच वेळी म्हणावे, "साधं फिल्टरचं पाणी." एवढ्या तीन शब्दांनी आमचे त्या दिवशी हजार रुपये वाचले असते.

काटा-चमच्याचे काय, हे भगिनीने विचारलेले नाही, पण मिस्टरांच्या मनात असणार. हाताने खावे. खेकडा तर कोणालाच काट्याने खाता येत नाही. पदार्थाचे नाव कळले नाही तर विचारावे, यात काय असते, तिखट किती, एका प्लेटमध्ये किती जणांचे होते. सांगणे हे वेटरचे कामच आहे. आणि उधार-उसनवार करून, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर हॉटेलात जाऊ नये. ठरलेला आकडा खिशात असावा, तेवढ्याचेच मागवावे.

हे सगळे आम्ही २०१९ च्या फजितीनंतर शिकलो. २०२५ साली धाकटी नोकरीला लागली तेव्हा तिने पुन्हा तोच विषय काढला. आई म्हणाली, "मला घरीच ठेवा, आमटी करून ठेवते." धाकटीने तिला काही न सांगता आठवडाभर चार ठिकाणी फोन केले. शेवटी लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातले हॉटेल ठरवले. दुपारचे ठरावीक जेवण, माणशी १,१०० रुपये. मराठी पद्धतीचे पदार्थ होते, भाकरी होती. आधीच्या रविवारी ती एकटी जाऊन रस्ता, पायऱ्या आणि संडास पाहून आली. बुधवारी दुपारी आम्ही पाच जण गेलो. टेबल नावावर होते. दार उघडणाऱ्या मुलाने आईचा हात धरून तिला आत नेले.

आई बराच वेळ कार्डाकडे नाही, छताकडे बघत होती. लोखंडी खांब, उंच छप्पर तसेच ठेवले होते. वडिलांची गिरणी ही नव्हे, ती १९८२ च्या संपानंतर पुन्हा धड चाललीच नाही. पण तिचा भोंगा इथे ऐकू येई, एवढी जवळ. वडिलांचा डबा घेऊन आई कित्येक वर्षे गिरणीच्या दारापर्यंत जायची. आत कधी गेली नव्हती. तिने वेटरला विचारले, "हे कुठलं खातं होतं रे बाळा?" त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने मॅनेजरला बोलावले. मॅनेजर मुलगा चांगला होता, पण त्यालाही माहीत नव्हते. तेव्हा आईच म्हणाली, "कापडखातं असेल. माझ्या सासऱ्यांना कापडखात्यात घेत नव्हते."

मुलींना हे नवीन होते. आम्ही सांगितले. विणताना सूत तुटले की धोट्यातल्या सुताला तोंड लावावे लागे, म्हणून इतर कामगार आपल्या लोकांना त्या खात्यात येऊ देत नसत. पगार तिथे जास्त होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. मॅनेजर उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "आजी, अजून काय देऊ?" आईने भाकरी मागितली. दोन खाल्ल्या. बिल ५,५०० आणि कर २७५, एकूण ५,७७५ आले. सर्व्हिस चार्ज नव्हता. वेटरच्या हातात आईने स्वतःच्या बटव्यातून काही नोटा ठेवल्या, किती ते आम्हाला दाखवले नाही.

तर घाटकोपरच्या भगिनीला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. मिस्टरांना मुलाने आग्रह करू नये, तुम्ही करावा, आणि "मोठं हॉटेल" हा शब्द वापरू नये. मासे खायला जाऊ म्हणावे. त्यांची सुट्टी असेल तो कामाचा दिवस धरा, वेळ दुपारची. आदल्या आठवड्यात दोघे फिरायला म्हणून त्या बाजूला जा आणि ते दार बाहेरून पाहून या. कपडे त्यांना आवडतील ते, इस्त्रीचे. मुलाला आधीच सांगून ठेवा की बिल आले की ते वडिलांच्या हाती द्यायचे. पैसे मुलगा देईल, पण ओळ न् ओळ वाचून बरोबर आहे की नाही ते मिस्टरांनी सांगायचे. चष्मा घेऊन जायला विसरू नका. आणि काय खाल्ले, ते आम्हाला कळवा.